कुत्र्याचा विमा, म्हशीचा विमा आणि पॉलिसीचे मागचे पान

आरोग्याच्या सदरात आज जनावरांच्या विम्याचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. माणसांच्या डॉक्टरने गोठ्यात कशाला डोकवावे, असेही कोणी म्हणेल. पण दवाखान्यात हा प्रश्न अलीकडे वारंवार निघतो. जालना शहरातल्या नव्या वसाहतींत घरोघरी लॅब्रेडॉर, पॉमेरेनियन नि जर्मन शेफर्ड आले आहेत. त्यांचे मालक विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, आमच्या टॉमीचा मेडिक्लेम निघतो म्हणे, काढावा का?’’ आणि भोकरदन, मंठा, घनसावंगीकडून आलेला शेतकरी रक्तदाब मोजून घेता घेता सांगतो की म्हैस दगावली, विमा होता, पण कंपनीने पैसे दिले नाहीत. त्या दिवशी त्याचा रक्तदाब का वाढला आहे हे यंत्राला विचारायची गरज उरत नाही.

दुसरेही कारण आहे. जनावरांच्या विम्याच्या अटी वाचल्या तर त्यातल्या निम्म्या अटी लसीच्या, आजाराच्या आणि डॉक्टरच्या दाखल्याच्या असतात. माणसांचा मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ साली सुरू झाला. त्याचे फॉर्म भरून देता देता आम्हा डॉक्टरांना एक गोष्ट चांगली कळली आहे. विमा काढताना लोक पहिले पान वाचतात, आणि पैसे अडतात ते मागच्या पानावर.

पहिल्या पानावर ‘विमा रक्कम’ म्हणून एक आकडा असतो. समजा, पन्नास हजार रुपये. बहुतेकांची समजूत अशी की काही झाले तर पन्नास हजार मिळणार. तसे नाही. ती कंपनीची वरची हद्द आहे. त्या हद्दीच्या आत किती मिळायचे हे वेगळ्या कलमांनी ठरते, आणि कशासाठी काहीच मिळायचे नाही हे आणखी वेगळ्या कलमांनी ठरते. एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

गोठ्यातला विमा

आधी गोठा, कारण आपल्या जिल्ह्यात कुत्र्यापेक्षा बैलजोडीवर आणि म्हशीवर घर चालते. गुरांचा विमा आपल्याकडे नवा नाही. १९७२-७३ मध्ये सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यापासून न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या तो करीत आल्या आहेत. बँकेतून म्हशीसाठी कर्ज काढलेल्यांना तो ठाऊक असतो, कारण कर्जाबरोबर विमा येतो. पॉलिसीचा कागद मात्र बहुधा बँकेच्या फायलीतच राहतो आणि शेतकऱ्याने तो कधी पाहिलेलाही नसतो. तेव्हा पहिले काम हे की बँकेत जाऊन त्याची प्रत मागून आणावी. ती मागणे हा आपला हक्क आहे.

केंद्राने २००५-०६ मध्ये देशातील १०० जिल्ह्यांत पशुधन विम्याची अनुदानित योजना प्रायोगिक म्हणून सुरू केली. पुढे २०१४-१५ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानात गेली. २०२४ साली या अभियानात बदल झाले आणि हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला गेला. उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. हिशेब करून पाहा. म्हशीची किंमत ८० हजार धरली आणि हप्त्याचा दर उदाहरणादाखल ४ टक्के धरला, तर वर्षाचा हप्ता ३,२०० रुपये होतो. त्यातला शेतकऱ्याचा १५ टक्के वाटा म्हणजे ४८० रुपये. महिन्याला चाळीस रुपये. माझ्या मते दुभत्या म्हशीवर एवढा खर्च न करणे शहाणपणाचे नाही. योजना त्या वर्षी केव्हा आणि कोणत्या कंपनीमार्फत चालू आहे, हे तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

आता मिळते काय? या विम्यात मुख्यत्वे जनावराचा मृत्यू धरलेला असतो, मग तो आजाराने असो, अपघाताने असो, शस्त्रक्रियेच्या वेळी असो. वीज पडणे, पूर, सर्पदंश, विहिरीत पडणे हे अपघातात येते. उन्हाळा संपता संपता झाडाखाली बांधलेल्या बैलांवर वीज पडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा वेळी हा विमा उपयोगी पडतो.

पण आजारी म्हशीच्या उपचाराचा खर्च यात नाही. सलाइन, इंजेक्शने, डॉक्टरची फी, परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावर नेण्याचे टेम्पोभाडे, हे सारे आपल्या खिशातून. म्हैस वाचली तर कंपनी काही देत नाही. माणसाच्या मेडिक्लेमची सवय झालेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. गुरांचा विमा हा आयुर्विम्याच्या जातीचा आहे, मेडिक्लेमच्या नव्हे.

दुसरी मर्यादा आजाराच्या वेळेची. विमा काढल्यापासून साधारणपणे १५ ते २१ दिवसांत आजाराने जनावर गेले तर भरपाई मिळत नाही. अपघात मात्र धरला जातो. गावात साथ आल्यावर विम्याच्या ऑफिसकडे धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. विमा काढण्याआधीच जडलेला आजारही वगळलेला असतो.

तिसरी मर्यादा लसीची, आणि डॉक्टर म्हणून मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत या रोगांनी मृत्यू आल्यास पॉलिसी बहुधा लसीकरणाचा दाखला मागते. पावसाळ्याआधी सरकारी दवाखान्याचे लोक लस टोचायला गावात येतात, तेव्हा ‘दूध आटेल’ म्हणून दावणीची जनावरे रानात सोडून देणारे शेतकरी अजून आहेत. लसीनंतर एखादा दिवस दूध थोडे कमी होते, ते परत येते. घटसर्पाने गेलेली म्हैस परत येत नाही आणि दाखला नसल्यामुळे तिचे पैसेही येत नाहीत.

चौथी मर्यादा किमतीची. भरपाई देताना कंपनी विमा रक्कम आणि मृत्यूच्या वेळची बाजारभावाची किंमत या दोहोंत जी कमी असेल ती धरते. म्हणून ७० हजारांच्या म्हशीचा एक लाखाचा विमा काढण्यात अर्थ नाही. हप्ता लाखावर जातो आणि भरपाई ७० हजारांवर येते. उलट, हप्ता वाचवण्यासाठी ४० हजारांचा काढला तर वरचे ३० हजार बुडाले. किंमत ठरवताना पशुवैद्यक, कंपनीचा माणूस आणि मालक तिघे समोर असावेत आणि म्हैस किती लिटर देते, कितवे वेत आहे, हे खरे सांगावे. जनावराच्या वयालाही हद्द आहे. दुभत्या गाईला साधारण १० वर्षे आणि म्हशीला १२ वर्षे. म्हातारी गाय विम्यात बसत नाही.

एक कलम फारसे कोणाला माहीत नसते. जनावर मेले नाही, पण कायमचे निकामी झाले तर? दुभत्या जनावराचे दूध किंवा गाभण राहणे कायमचे बंद झाले, बैल कामाला कायमचा अपात्र झाला, तर ‘कायमचे संपूर्ण अपंगत्व’ या कलमाखाली विमा रकमेच्या साधारण ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. पण हे कलम बहुधा जादा हप्ता भरून घ्यावे लागते. कासदाहात एक सड गेला तर ते ‘संपूर्ण’ अपंगत्व धरत नाहीत. आमच्याकडे ऊसतोडीला आणि मालवाहतुकीला जाणाऱ्या बैलांच्या मालकांनी या कलमाची आवर्जून चौकशी करावी. मात्र प्रमाणाबाहेर ओझे लादल्याने, हयगयीने किंवा अडाणी उपचाराने बैल गेला असे निघाले, तर कंपनी हात वर करते.

‘अडाणी उपचार’ या दोन शब्दांवर थोडे थांबतो. गावात पिशवी घेऊन फिरणारे, कोणतीही पदवी नसलेले ‘जनावरांचे डॉक्टर’ असतात. माणसांच्या बाबतीतही हा प्रकार आम्ही रोज पाहतो. नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचा कागद नसेल तर आजार कोणता होता आणि उपचार काय झाले, याला पुरावाच राहत नाही. पन्नास-शंभर रुपये वाचवताना पूर्ण विमा गमावण्याचा हा मार्ग आहे.

कानातला बिल्ला

भोकरदन तालुक्यातील एका शेतकऱ्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. नाव देत नाही. म्हशीचा विमा होता, हप्ता भरलेला होता, लसही झाली होती. सर्पदंशाने म्हैस गेली. शवविच्छेदनही झाले. पण कानातला बिल्ला चार महिन्यांपूर्वी बाभळीच्या काटेरी कुंपणात अडकून तुटून पडला होता. ‘‘मामा, तेव्हाच दवाखान्यात का नाही सांगितलं?’’ असे मी विचारले, तर म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, बिल्ल्यानं काय होतंय? म्हैस तर माझीच हाय ना, सगळं गाव वळखतं तिला.’’

गाव ओळखते, कंपनी ओळखत नाही. गुरांच्या विम्यात ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हा फार जुना नियम आहे. कंपनीच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. दहा म्हशींपैकी एकीचा विमा आणि मेली दुसरीच, असे प्रकार होतात म्हणून तो नियम आला. हल्ली सरकारी नोंदणीचा बारा अंकी पिवळा बिल्ला कानात असतो. त्याचा नंबर आणि पॉलिसीतला नंबर एकच आहे ना, हे ताडून पाहावे. बिल्ला पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवून नवा मारून घ्यावा आणि नवा नंबर कंपनीकडे लेखी नोंदवून पोच घ्यावी. तोंडी सांगून भागत नाही.

जनावर दगावलेच तर दुःखात असतानाही काही गोष्टी लगेच कराव्या लागतात. कंपनीला ताबडतोब, शक्यतो २४ तासांच्या आत कळवावे. पाहणी आणि शवविच्छेदन होईपर्यंत जनावर पुरू नये. बिल्ल्यासह कान दिसेल असे फोटो काढावेत. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, दाव्याचा फॉर्म आणि बिल्ला हे सगळे द्यायचे असते. प्रत्येकाची झेरॉक्स आपल्याकडे ठेवावी. इथे आरोग्याची एक गोष्ट सांगून टाकतो. जनावर एकाएकी मेले आणि नाकातोंडातून काळसर रक्त येत असेल तर फाशी रोगाची शंका असते. अशा जनावराची चिरफाड करायची नसते, कातडीही सोलायची नसते. त्याचे जंतू माणसाला काळपुळी करतात. पशुवैद्यकाला बोलवावे आणि तो सांगेल तसे करावे. तसा दाखला तोच देतो.

आठवडी बाजारात जनावर विकले की विमा आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. नाव बदलून घ्यावे लागते. चोरी आणि गुपचूप केलेली विक्रीही बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. शेळ्यांचाही विमा निघतो. पण कळपातल्या एकेका शेळीचा बिल्ला सांभाळणे किती जिकिरीचे आहे, ते शेळ्या राखणाऱ्या बायांनाच विचारावे.

सरकारी मदत म्हणजे विमा नव्हे

२०२२ च्या ऑगस्टमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात दिसली आणि पुढे राज्यभर पसरली. आपल्या जिल्ह्यातल्या गोठ्यांनीही ते दिवस पाहिले. त्या वेळी सरकारने दगावलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये जाहीर केले. तेव्हापासून ‘सरकार देतेच की’ अशी एक समजूत होऊन बसली आहे. ती मदत होती. तशी मदत प्रत्येक रोगाला मिळेल असे नाही.

पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत मरणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे मदतीचे दर ठरलेले असतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीचे दर असे होते : दुभती म्हैस किंवा गाय ३७,५०० रुपये, बैल ३२ हजार, वासरू २० हजार, शेळी-मेंढी ४ हजार. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने पूर आले, तेव्हा अनेकांना हे आकडे पहिल्यांदा कळले. चांगली मुऱ्हा म्हैस आज कितीला पडते हे मी वाचकांना सांगायला नको. मदतीचा दर आणि बाजारभाव यांच्यामध्ये जी दरी राहते, तेवढ्यासाठी विमा आहे.

अंगणातला कुत्रा

आता टॉमीकडे वळू. कुत्र्याचा विमा हा साहेब लोकांचा चोचला, असे काहींना वाटते. स्वीडनमध्ये कुत्र्याचा पहिला विमा १९२४ साली उतरवला गेला, इंग्लंडमध्ये १९४७ साली, आणि अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी दूरचित्रवाणीवरच्या लॅसी नावाच्या प्रसिद्ध कुत्रीची निघाली. आपल्याकडे सरकारी कंपन्या पुष्कळ वर्षांपासून कुत्र्याचा विमा उतरवतात, पण एजंटालाही तो अनेकदा माहीत नसतो.

बाजारात कुत्र्याचे दोन तऱ्हेचे विमे आहेत आणि त्यांतला फरक न कळल्याने फसगत होते. सरकारी कंपन्यांचा जुना विमा म्हशीसारखाच, मृत्यूचा. आठ आठवड्यांपासून आठ वर्षांपर्यंतच्या कुत्र्याचा तो उतरवतात. पिल्लू जेवढ्याला घेतले तेवढीच साधारण विमा रक्कम. पार्व्हो झाला, आठ दिवस सलाइन चालले, हजारो रुपये गेले आणि पिल्लू वाचले, तर विमा काही देत नाही. गल्लीतला गावठी कुत्रा पाळला असेल तर त्याला बाजारभावच नाही, मग या पॉलिसीत त्याची किंमत काय धरणार? मायेला किंमत नसते, पण विम्याला लागते.

दुसरा प्रकार उपचाराच्या खर्चाचा. २०२० साली पुण्याच्या बजाज अलियान्झ या कंपनीने अशी पॉलिसी बाजारात आणली, मागून इतर खासगी कंपन्या आल्या. तिच्यात शस्त्रक्रिया, दवाखान्यात दाखल करणे, मृत्यू, हरवणे, दुसऱ्याला इजा झाल्यास द्यावी लागणारी भरपाई असे भाग असतात. काही मूळ पॉलिसीत, काही जादा पैसे देऊन. मांजरांसाठीही काही कंपन्या विमा देतात.

या दुसऱ्या प्रकारात मर्यादांची चाळणी बारीक असते. एक काल्पनिक हिशेब करू. वर्षाची विमा रक्कम ३० हजार. एका शस्त्रक्रियेला कमाल २० हजार अशी पोटमर्यादा. शिवाय प्रत्येक दाव्यात १० टक्के मालकाचे. कुत्र्याच्या पोटात गाठ झाली, छत्रपती संभाजीनगरला नेऊन शस्त्रक्रिया केली, बिल आले २४ हजार. पोटमर्यादेमुळे कंपनी फक्त २० हजार विचारात घेते. त्यातले १० टक्के म्हणजे २ हजार आपले. हातात आले १८ हजार. वर्षासाठी उरले १२ हजार. चार महिन्यांनी पाय मोडला, बिल १५ हजार. १० टक्के वजा जाता साडेतेरा हजार देय होतात, पण शिल्लकच १२ हजार आहे, म्हणून तेवढेच मिळतात. एकूण बिल ३९ हजार, मिळाले ३० हजार, घरातून गेले ९ हजार. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. हा विमा वाईट आहे असे मी म्हणत नाही. तीस हजार मिळाले हे थोडे नव्हे. पण पहिल्या दिवशीच हा हिशेब मांडला तर नंतर डोके धरायची वेळ येत नाही.

लस, जंताचे औषध, गोचिडांचे औषध, नखे-केस कापणे, खाणे, हे नेहमीचे खर्च बहुधा वगळलेले असतात. जन्मतःचे दोषही वगळलेले असतात. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. तो धरला आहे की वगळला आहे, हे अशा कुत्र्यांच्या मालकांनी लेखी विचारावे. सुरुवातीचा प्रतीक्षा काळही असतो. आणि रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस, हिपॅटायटिस या रोगांची लस वेळेवर दिल्याचे कार्ड नसेल, तर त्या रोगाने झालेल्या नुकसानीचे नाव काढू नये. थोडक्यात, लसीचे कार्ड हाच पॉलिसीचा अर्धा भाग.

मला कोणी विचारले की आधी काय करू, तर मी सांगतो : आधी लसी पूर्ण करा, वेळेवर जंताचे औषध द्या आणि पिल्ले नको असतील तर नसबंदी करून घ्या. एवढे झाल्यावर विमा. महागडे पिल्लू विकत घेतले असेल तर मृत्यूचा विमा काढण्यात अर्थ आहे. मोठी शस्त्रक्रिया लागली तर बाहेरगावी नेण्याची खरोखर तयारी असेल तर उपचाराचा काढावा. तशी तयारी नसेल तर हप्त्याएवढी रक्कम पोस्टात वेगळी टाकत राहावी. रोख न भरता उपचार करणारी जनावरांची रुग्णालये आपल्या बाजूला शोधून सापडायची नाहीत. आधी पैसे भरा, मग बिले पाठवा, असेच धरून चालावे. त्यासाठी नोंदणीकृत पशुवैद्यकाचे बिल आणि चिठ्ठी लागते. माणसांच्या डॉक्टरकडून कुत्र्याला इंजेक्शन देऊन घेण्याची काही घरांत पद्धत आहे, ती कृपा करून सोडावी. कुत्र्याचे औषध माणसाच्या मापाने चालत नाही.

चावला तर

कुत्रा शेजाऱ्याच्या मुलाला चावला तर विमा देतो का, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. ‘तिऱ्हाइताला इजा’ हे कलम घेतले असेल तर मालकावर कायद्याने जी भरपाई येते ती ठरलेल्या हद्दीपर्यंत कंपनी देते. बहुतेक ठिकाणी घरची माणसे आणि घरातले नोकर त्यात धरत नाहीत. आणि निष्काळजीपणाने जनावर सांभाळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दंड कोणताही विमा भरत नाही.

पैशाचा विचार मागाहून करावा. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तंबाखू भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजची लस तिथे मोफत असते. दंडात घ्यायची असेल तर ० म्हणजे पहिल्या दिवशी, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे औषध लागते, ते मागून घ्यावे. पाळीव कुत्रा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून माणसाची लस टाळू नये. तो निर्णय डॉक्टरवर सोडावा. रेबीज एकदा सुरू झाला की त्यावर उपाय जवळजवळ नाही.

दावा नाकारला तर

नकार आला की लोक एजंटाशी भांडून घरी बसतात. नकार लेखी मागावा, त्यात कोणत्या कलमाखाली नाकारले ते लिहिलेले असले पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, फी नाही, मात्र नकारापासून वर्षाच्या आत जावे. दुसरा मार्ग जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपण अजून ग्राहक मंचच म्हणतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही फी नाही. दोन्हीकडे पॉलिसीची पूर्ण प्रत, हप्त्याची पावती, लसीचे कार्ड आणि बिल्ल्याची नोंद मागतात. हे चार कागद एका पिशवीत घालून भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवावेत. पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवू नयेत, भिजतात.